फार्मा सेल्समध्ये करिअर: आधी एमआर, मग स्वतःचा धंदा



या आठवड्याच्या व्हिडिओत फार्मा लाइनबद्दल बोललो, पण बारा मिनिटांत आकडेमोड काही बसत नाही. म्हणून ती इथे मांडतोय. वही-पेन घेऊनच वाचायला बसा.

आमच्या प्रत्येक बॅचमध्ये एक तरी मुलगा हा प्रश्न विचारतोच. "सर, दोन लाख रुपये आहेत. एका कंपनीची पीसीडी मिळतेय, आख्ख्या तालुक्याची मोनोपॉली देतायत. घेऊ का?" ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, पीसीडी म्हणजे प्रोपगंडा कम डिस्ट्रिब्युशन. ब्रँड कंपनीचा, पण डॉक्टरांकडे जाऊन प्रचार तुम्ही करायचा, मेडिकलला माल तुम्ही पोचवायचा आणि पैसे मात्र आधी भरायचे. रेटकार्डवर दिसतं की शंभराच्या एमआरपीचा माल तुम्हाला पंचवीसला पडणार. पंचवीसचे शंभर! कुणाचेही डोळे चमकतील.

माझं उत्तर ठरलेलं आहे. त्या दोन लाखांची एफडी कर आणि तीन वर्षं एखाद्या बऱ्या कंपनीत एमआर म्हणून राब. पगार मिळेल, ट्रेनिंग मिळेल, आणि शिकताना काही बिघडलंच तर अडकलेला माल तुझ्या पैशाचा नसेल. हे उत्तर ऐकून मुलं नाराज होतात. नोकरी करायची नाही म्हणूनच तर ती आमच्याकडे आलेली असतात. पण औषधाचा धंदा हा किराणा किंवा मोबाइलसारखा नाही. तो बाहेरून बघून कळत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

माझं सांगलीत सर्जिकल सामानाचं दुकान आहे. बीपी मशीन, कमरेचे पट्टे, बँडेज, व्हीलचेअर वगैरे. औषधं मी विकत नाही. पण मिरज शेजारी आणि तिथे दवाखान्यांची ही दाटी, त्यामुळे एमआर, स्टॉकिस्ट आणि मेडिकलवाले यांच्यातच माझा दिवस जातो. पुढचं सगळं त्या उठबशीतून आणि या लोकांच्या वह्या बघून लिहिलेलं आहे.

पैसे देणारा एक, ठरवणारा दुसरा

साबण घ्यायचा तर गिऱ्हाईक स्वतः ठरवतं आणि स्वतःच पैसे देतं. औषधात डॉक्टर ठरवतो, पेशंट पैसे देतो आणि मेडिकलवाला माल ठेवतो. शिवाय डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळणाऱ्या औषधांची टीव्हीवर जाहिरात करता येत नाही. म्हणून तर एमआर नावाचा माणूस या धंद्यात लागतो. त्याची बॅग म्हणजे कंपनीची जाहिरात.

आता एका स्ट्रिपमध्ये कुणाला काय मिळतं ते बघू. समजा एमआरपी १०५ रुपये आहे. त्यात ५ टक्के जीएसटी धरलेला असतो, तो काढला की उरले १००. ज्या औषधांच्या किमतीवर सरकारची कमाल मर्यादा नाही, त्यांत मेडिकलला २० टक्के आणि स्टॉकिस्टला १० टक्के असा बाजाराचा रिवाज आहे. म्हणजे मेडिकलला ती स्ट्रिप ८० रुपयांना मिळते. या भावाला पीटीआर म्हणतात. स्टॉकिस्टला ती ७२ ला पडते, तो पीटीएस. मेडिकलचे २०, स्टॉकिस्टचे ८, आणि बाकी ७२ मध्ये कंपनीने औषध बनवायचं, भिवंडीच्या गोदामातून पाठवायचं, एमआरचा पगार द्यायचा आणि नफाही कमवायचा. जी औषधं सरकारी किंमत नियंत्रणाखाली आहेत, २०१३ च्या औषध किंमत आदेशातली, तिथे हेच मार्जिन १६ आणि ८ टक्के धरतात.

हे आकडे पाठ करा. मुलाखतीत नव्वद टक्के पोरांना पीटीआर आणि पीटीएस यातला फरक सांगता येत नाही. (नव्वद हा माझा अंदाज हो, कुणी सर्व्हे केलेला नाही!)

नोकरीत शिरताना

बी.फार्म., डी.फार्म. किंवा बीएस्सी असेल तर उत्तमच. पण बऱ्याच कंपन्या कुठल्याही शाखेचा पदवीधर घेतात. बीकॉम, बीए झालेले चांगले एमआर मी रोज बघतो. सुरुवातीला काही दिवसांचं ट्रेनिंग असतं. शरीररचना, आजार, कंपनीची औषधं, आणि डॉक्टरसमोर दीड-दोन मिनिटांत कसं बोलायचं, म्हणजे डिटेलिंग. तिथे परीक्षा असते आणि नापास झालेल्याला परतही पाठवतात. शरीरशास्त्राचं नाव काढलं की आर्ट्सवाले घाबरतात. घाबरू नका, बारावीच्या पातळीचं असतं, फक्त इंग्रजी नावं घोकावी लागतात.

पगाराबद्दल विचारताना एकच आकडा विचारू नका. फिक्स किती, हेडक्वार्टरला भत्ता किती, बाहेरगावच्या दिवसाला किती, पेट्रोल कसं मोजतात, इन्सेंटिव्ह कशावर, आणि तो महिन्याला मिळतो की तिमाहीला, हे सगळं वेगवेगळं विचारा. नेमणूकपत्र लेखी घ्या. विक्री संवर्धन कर्मचाऱ्यांसाठी १९७६ मध्ये स्वतंत्र कायदा झाला, त्यात नेमणूकपत्राची तरतूद होती. तेव्हा ते मागण्यात लाजण्यासारखं काही नाही. "आधी जॉइन हो, लेटर नंतर बघू" म्हणणाऱ्या कंपनीला नमस्कार करा आणि बाहेर पडा.

आणि आता खरी गोष्ट, जी मुलाखतीच्या क्लासमध्ये कुणी सांगत नाही. जॉइन होण्याआधी त्या हेडक्वार्टरची चौकशी स्वतः करा. तुमच्या आधीचा एमआर का गेला? त्या कंपनीच्या स्टॉकिस्टकडे माल किती पडून आहे? चार मेडिकलमध्ये आणि एका स्टॉकिस्टकडे गेलात तर अर्ध्या दिवसात कळतं. हे इतकं महत्त्वाचं का, ते सांगतो. इथे नीट लक्ष द्या, कारण धंद्याचं गणित इथेच आहे.

प्रायमरी आणि सेकंडरी

कंपनीकडून स्टॉकिस्टकडे जो माल जातो ती प्रायमरी विक्री. स्टॉकिस्टकडून मेडिकलला जातो ती सेकंडरी. आणि मेडिकलमधून पेशंटच्या हातात जातो ती खरी विक्री, तिला बिचारीला धड नावही नाही.

समजा महिन्याच्या सुरुवातीला स्टॉकिस्टकडे तुमचा ६०,००० चा माल होता. महिनाभरात कंपनीने १,५०,००० चा माल पाठवला. महिनाअखेर शिल्लक निघाली १,१०,०००. मग सेकंडरी किती? ६० अधिक १५० वजा ११०, म्हणजे १ लाख. तुमच्या मॅनेजरच्या रिपोर्टमध्ये दीड लाख दिसतात, तो खूश. टार्गेट झालं, ग्रुपवर अंगठे येतात. पण बाजारात गेला एकच लाख. पन्नास हजारांचा माल स्टॉकिस्टच्या फळीवर जास्तीचा बसला. असं तीन महिने चाललं की दीड लाखाचा जादा माल झाला. चौथ्या महिन्यात स्टॉकिस्ट ऑर्डर द्यायचं बंद करतो, मॅनेजर ओरडायला लागतो, एमआर नोकरी सोडतो. त्या जागी कोण येतो? तुम्ही. पहिल्या दिवसापासून बिघडलेलं घर तुमच्या गळ्यात.

महिन्याच्या शेवटच्या तीन दिवसांना या लाइनमध्ये क्लोजिंग म्हणतात. त्या तीन दिवसांत एमआरचा चेहरा बघा. दुपारी जेवायला वेळ नाही, फोन कानाला, "अण्णा, एवढे वीस बॉक्स घ्या ना, पुढच्या महिन्यात उचलून देतो." हा दबाव खरा आहे आणि तो मी गोड करून सांगणार नाही. काही कंपन्यांत सुसह्य असतो, काहींत माणूस मोडतो. म्हणून चौकशी करून जा म्हणतो.

पण यातच शिक्षणही आहे. जो एमआर स्वतःच्या वहीत दर महिन्याला सुरुवातीचा साठा, आलेला माल आणि शिल्लक असे तीन आकडे प्रत्येक औषधाचे लिहितो, त्याला वर्षभरात कळतं की बाजार काय ओढतोय आणि आपण काय ढकलतोय. हीच वही उद्या तुमच्या धंद्याची खरेदी ठरवणार आहे.

काउंटरवर उभं राहायला शिका

आरसीपीए असा शब्द कानावर येईल. मेडिकलच्या काउंटरवर जाऊन, कुठला डॉक्टर काय लिहितोय, कुठल्या कंपनीचं किती जातंय, याची पाहणी करणं म्हणजे आरसीपीए. रोजच्या रिपोर्टमध्ये, म्हणजे डीसीआरमध्ये, ती भरावी लागते. निम्मे एमआर घरी बसून आकडे टाकतात. मॅनेजरलाही माहीत असतं. पण जो खरोखर काउंटरवर उभा राहतो, त्याला जे मिळतं ते कुठल्या एमबीएत मिळत नाही.

माझ्या दुकानाशेजारच्या मेडिकलमध्ये ऐकलेला संवाद सांगतो.

"भाऊ, आपली टेल्मिसार्टन कशी चाललीय?"

"साहेब, खरं सांगू? दोन महिन्यांत तीन स्ट्रिप गेल्या. त्या पण माझ्या मेव्हण्याच्या."

"पण सर तर म्हणतात मी लिहितो."

"लिहितात की. पण तुमच्या स्टॉकिस्टची गाडी मंगळवारीच येते. शुक्रवारी पेशंट आला आणि माझ्याकडे संपलेलं असेल, तर पेशंट परत सरांकडे जातो, सर दुसरं लिहून देतात. मग ते दुसरंच चालू राहतं."

बघा, प्रश्न डॉक्टरचा नव्हताच, गाडीचा होता. त्या एमआरने स्टॉकिस्टच्या मागे लागून शुक्रवारची फेरी चालू करून घेतली. पुढे काय झालं ते मला माहीत आहे, कारण आता तो माझ्याच चौकात स्वतःची एजन्सी चालवतो.

आज हे जास्तच लागू आहे. मार्च २०२५ मध्ये मधुमेहाच्या एम्पाग्लिफ्लोझिन या औषधाचं पेटंट संपलं आणि लगोलग कितीतरी कंपन्यांनी तेच औषध आपापल्या नावाने स्वस्तात बाजारात आणलं. डॉक्टरच्या दाराबाहेर बसलेल्या दहा एमआरच्या बॅगेत तोच मॉलिक्यूल! आता "आमचं औषध चांगलं आहे" हे वाक्य कुणी ऐकायचं? तिथे किंमत, माल वेळेवर मिळणं आणि तुमच्या शब्दाची किंमत, एवढंच शिल्लक राहतं.

डॉक्टरसमोर बोलण्याबद्दल थोडंसंच सांगतो. व्हिज्युअल एडचं पान न पान वाचून दाखवू नका. डॉक्टरला मिनिटभर वेळ असतो आणि बाहेर तीस पेशंट असतात. एक मुद्दा, एक प्रश्न, आणि जे माहीत नाही ते "सर, विचारून परवा सांगतो" असं म्हणून खरोखर परवा सांगणं. साइड इफेक्ट विचारला तर लपवू नका. आपण बिस्किट विकत नाही. चुकीच्या माहितीवर लिहिलेली गोळी कुणाच्या तरी आईच्या पोटात जाते.

गिफ्ट, कट आणि नवे नियम

हा विषय टाळून फार्मा लाइनवर लिहिणं म्हणजे लबाडी होईल. कट प्रॅक्टिस आहे, सगळ्यांना माहीत आहे. पीसीडीवाले तर उघड सांगतात, "मार्जिन एवढं आहे की डॉक्टरला द्यायला उरतं." माझं म्हणणं असं की ज्या धंद्याचं गणित फक्त असं देऊनच बसतं, तो धंदा तुमचा नाहीच. उद्या दुसरा कुणी पाच टक्के जास्त देईल आणि तुमची चिठ्ठी बंद होईल.

नियमही आता स्पष्ट आहेत. १२ मार्च २०२४ ला केंद्राच्या औषधनिर्माण विभागाने कंपन्यांसाठी एकसमान मार्केटिंग संहिता जाहीर केली. डॉक्टरला किंवा त्याच्या घरच्यांना वैयक्तिक फायद्याच्या भेटवस्तू नाहीत, पैसे नाहीत, सहली आणि हॉटेलं नाहीत. भेटीची वेळ मिळवण्यासाठी एमआरने पैसे द्यायचे नाहीत. ब्रँडची आठवण राहावी म्हणून दिलेली वस्तू हजार रुपयांपेक्षा महाग नको. सॅम्पलचं पाकीट तीन पेशंटच्या डोसपुरतंच, एका औषधाची वर्षाला एका डॉक्टरला बारापेक्षा जास्त पाकिटं नाहीत, आणि त्याचा हिशोब ठेवायचा. शिवाय बाजारात येऊन वर्ष उलटलेल्या औषधाला "नवीन" म्हणायचं नाही.

आणि तुम्ही उद्या मालक होणार असाल तर हे जास्त लक्षात ठेवा. फेब्रुवारी २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की डॉक्टरांना दिलेल्या अशा भेटींचा खर्च आयकरात धंद्याचा खर्च म्हणून वजा करता येणार नाही. म्हणजे तो पैसा नफ्यातून जाणार आणि त्यावर टॅक्सही तुम्हीच भरणार.

पुढे कुठे जाता येतं

फील्डवर राहिलात तर एमआरचा एरिया मॅनेजर, मग रिजनल, मग झोनल. ऑफिसमध्ये जायचं असेल तर प्रॉडक्ट मॅनेजमेंट, म्हणजे व्हिज्युअल एड कसं असावं, कुठल्या स्पेशालिस्टकडे काय न्यायचं हे ठरवणारी टीम. सिप्ला, ल्युपिन, ग्लेनमार्क, अल्केम अशा बऱ्याच मोठ्या कंपन्यांची मुख्यालयं मुंबईतच आहेत, त्यामुळे आपल्याकडच्या मुलांना ही वाट फार लांबची नाही. मोहालीच्या नायपरमध्ये किंवा मुंबईच्या एनएमआयएमएसमध्ये फार्माचं एमबीए होतं. पण फील्ड केलेल्या माणसाचं बोलणं त्या मीटिंगमध्ये वेगळंच वजन घेऊन येतं.

आपल्या वाचकांना मात्र तिसरी वाट हवी असते, स्वतःची. त्यात मोठी उदाहरणं आहेत. मॅनकाइंडचे रमेश जुनेजा आधी एमआर होते, ल्युपिनमध्येही त्यांनी काम केलं. १९९५ मध्ये मॅनकाइंडचं काम सुरू झालं आणि २०२३ मध्ये ती कंपनी शेअर बाजारात आली. अल्केमचे संप्रदा सिंह यांनी पाटण्यात औषधाचं दुकान आणि मग वितरण केलं, आणि १९७३ मध्ये कंपनी काढली. सन फार्माचे दिलीप संघवी कोलकात्यात वडिलांच्या औषधांच्या होलसेलमध्ये काम करत होते. १९८३ मध्ये त्यांनी फक्त पाच औषधं घेऊन सुरुवात केली, तीही मानसिक आजारांवरची.

ही पाच औषधं मला फार विचार करायला लावतात. खोकल्या-तापाचं औषध पाच दिवस चालतं. पेशंट बरा झाला, तुमची विक्री संपली, उद्या नवीन पेशंट शोधा. मानसिक आजार, बीपी, शुगर यांची गोळी महिनोन् महिने चालते. गणित करून बघा. एका डॉक्टरने दर महिन्याला फक्त दहा नवीन पेशंटना तुमची बीपीची गोळी लिहिली, रोज एक. महिन्याला दहा गोळ्यांच्या तीन स्ट्रिप. सगळे टिकले तर सहाव्या महिन्यात साठ पेशंट, म्हणजे १८० स्ट्रिप, त्याच एका डॉक्टरकडून. त्यात मानसोपचारतज्ज्ञ संख्येने कमी, म्हणजे थोड्या माणसांत सगळ्यांना भेटता येतं. कमी भांडवलाच्या माणसाने कुठून सुरुवात करावी याचा इतका चांगला धडा मला दुसरीकडे दिसलेला नाही.

आता त्या दोन लाखांकडे

पीसीडीवाला तुम्हाला चाळीस औषधांची यादी देतो. प्रत्येकाचा पाच हजारांचा माल, झाले दोन लाख. औषध गोदामातून निघतानाच त्याच्या मुदतीतले काही महिने संपलेले असतात, आणि एक्स्पायरीला सहा महिने उरले की मेडिकलवाला हात लावत नाही. म्हणजे विकायला तुमच्याकडे जेमतेम वर्षभर. चाळीसपैकी डॉक्टर लिहिणार समजा चार. बाकी छत्तीस औषधं, एक लाख ऐंशी हजारांची, फळीवर वाट बघत बसणार. बऱ्याच पीसीडी करारांत एक्स्पायरीचा माल परत घेत नाहीत. तो कागद सही करण्याआधी वाचा.

विक्रीचं गणितही करा. एक डॉक्टर रोज दोन पेशंटना तुमचं एक औषध लिहितो, प्रत्येकी एक स्ट्रिप. पंचवीस दिवसांत पन्नास स्ट्रिप, ८० रुपये भावाने महिन्याला ४,००० ची विक्री. तुम्हाला ती स्ट्रिप २५ ला पडली तर २,७५० सुटले. कागदावर छानच आहे. पण महिन्याला लाखाची विक्री हवी तर असे पंचवीस जोड्या हव्यात, पंचवीस डॉक्टर किंवा थोड्या डॉक्टरांकडची पंचवीस औषधं. अनोळखी कंपनीचं औषध रोज दोनदा लिहिणारे पंचवीस! जो तीन वर्षं फिरलाय, ज्याला डॉक्टर नावाने ओळखतात, त्याला हे जमू शकतं. ज्याने कधी ओपीडीबाहेर बाकावर बसून नंबर लावलेला नाही, त्याला नाही.

स्टॉकिस्ट व्हायचं असेल तर गणित वेगळं. महिन्याला पाच लाखांची विक्री, १० टक्क्यांनी पन्नास हजार ग्रॉस. त्यातून जागेचं भाडं, डिलिव्हरीचा पोरगा, बिलिंगचं सॉफ्टवेअर, पेट्रोल, व्याज. महिन्याचा साठा साडेचार लाखांचा आणि मेडिकलकडची महिन्याची उधारी पाच लाखांची, म्हणजे साडेनऊ लाख अडकले. कंपनी थोडे दिवस उधार देते तेवढाच दिलासा. आणि एका मेडिकलवाल्याने पन्नास हजार बुडवले की आख्ख्या महिन्याची कमाई गेली. म्हणून एमआर असताना कुठलं काउंटर वेळेवर पैसे देतं आणि कुठलं रडवतं, याची नोंद ठेवा. डॉक्टरांची यादी कंपनीची असते, ती घेऊन जाऊ नका. काउंटरची पारख तुमची स्वतःची.

लायसन्स

होलसेलसाठी एफडीएचं लायसन्स लागतं, फॉर्म २०बी आणि २१बी. किमान १० चौरस मीटर जागा हवी. आणि एक सक्षम व्यक्ती हवी: नोंदणीकृत फार्मासिस्ट, किंवा औषधांच्या कामाचा एक वर्षाचा अनुभव असलेला पदवीधर, किंवा औषध विक्रीचा चार वर्षांचा अनुभव असलेला दहावी पास. या लायसन्सवर थेट पेशंटला विकता येत नाही. किरकोळ मेडिकल काढायचं तर फार्मासिस्ट लागतोच, आणि दुसऱ्याचं सर्टिफिकेट भाड्याने भिंतीवर लावायचा उद्योग करू नका.

वरच्या एक वर्षाच्या अनुभवामुळे पदवीधर एमआरने नोकरी सोडताना घाई करू नये. शेवटच्या महिन्यात खर्चाचे क्लेम भरून घ्या, उरलेली सॅम्पल परत करून पोच घ्या, स्टॉकिस्टकडचे तुमच्या शब्दावर अडलेले एक्स्पायरीचे क्लेम मिटवा (उद्या हाच माणूस तुमचा शेजारी व्यापारी असणार आहे), आणि रुजू झाल्याची व सोडल्याची तारीख असलेलं अनुभवपत्र हातात पडल्याशिवाय बाहेर पडू नका. मग ते पत्र घेऊन अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात जा आणि अर्ज भरण्याआधीच विचारा की हा अनुभव लायसन्ससाठी धरतील का, की स्टॉकिस्टकडे काम केल्याचा दाखला वेगळा लागेल. जागेचा भाडेकरार त्यानंतर करा. आधी गाळा घेऊन भाडं भरत बसलेले दोघेजण माझ्या ओळखीचे आहेत.

पुढच्या व्हिडिओत स्टॉकिस्टशिपचा करार ओळीओळीने वाचू. ज्यांच्याकडे असा करार आलेला आहे त्यांनी नावं झाकून प्रत पाठवा, त्यातूनच उदाहरणं घेतो.